विजेरीतला पिवळा चौकोन

जुन्या सांगवीच्या टोकाशी पवना नदी मुळेला मिळते. रात्री या काठावर उभे राहून पलीकडच्या झाडांवर झोत टाकायचा असेल तर एक प्रकारची विजेरी लागते. त्याच काठाने चालताना पाचोळ्यात घोणस बसली आहे का हे पाहायचे असेल, तर दुसऱ्या प्रकारची. गंमत अशी की दोन्हींच्या खोक्यांवर '५०० ल्यूमेन' असेच छापलेले असू शकते. मग फरक कशात आहे?

ल्यूमेन हे बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप आहे. तो प्रकाश किती जागेवर पसरतो, हे त्यातून कळत नाही.

पुढचे भिंग मागेपुढे सरकणारी स्वस्त विजेरी रस्त्यावर सहज मिळते. अशी एक वर्गात आणा. भिंग पूर्ण पुढे ओढून झोत भिंतीवर टाका. (विजेरीत डोळे घालून मात्र कोणी पाहू नये.) गोल ठिपक्याऐवजी चौकोन दिसेल. ही एलईडीच्या चिपची उलटी, मोठी झालेली प्रतिमा. विजेरी बंद करून आत पाहिले तर मूळचा चौकोन पिवळा दिसतो. चिप स्वतः निळा प्रकाश देते. तिच्यावरचा स्फुरदीप्त थर त्यातला काही निळा प्रकाश शोषून पिवळा देतो आणि दोन्ही मिळून आपल्याला पांढरा दिसतो. अशी पांढरी एलईडी जपानच्या निचिया कंपनीने १९९६ मध्ये बाजारात आणली. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, आमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकीचे नोबेल मिळाले.

आता समरूप त्रिकोण वापरू. चिपची बाजू १ मि.मी. आहे आणि ती भिंगापासून २० मि.मी. मागे आहे. म्हणजे १०० मीटरवर चौकोनाची बाजू १०० भागिले २०, म्हणजे ५ मीटर होईल. बाजू २ मि.मी. असेल तर चौकोन १० मीटरचा होईल. तेवढाच प्रकाश आता चौपट क्षेत्रावर पसरणार, म्हणजे उजेड पाव होणार. रिफ्लेक्टरचे गणित किंचित वेगळे असले तरी तत्त्व हेच. रिफ्लेक्टर मोठा केला तर झोत लांब जातो. पण खिशातल्या विजेरीचे तोंडच दोन-अडीच सेंटिमीटरचे. म्हणून लांब झोताचे शौकीन ओसरामच्या 'डब्ल्यू १' सारखी, सुमारे १ चौ.मि.मी. पृष्ठभागाची एलईडी शोधतात.

खोक्यावर 'पल्ला २०० मीटर' लिहिलेले असते तेही समजून घ्यावे. जिथे उजेड पाव लक्सवर येतो, साधारण पौर्णिमेच्या चांदण्याइतका होतो, तिथवरचे हे अंतर असते. तेवढ्यात तिथली वस्तू नीट ओळखता येतेच असे नाही. निम्म्या अंतरावर उजेड चौपट असतो. तोच खरा उपयोगाचा पल्ला धरावा.

पायवाटेसाठी मात्र लहान चिप गैरसोयीची. समोर एक झगझगीत ठिपका आणि पावलांपाशी अंधार! तिथे मोठी चिप किंवा संत्र्याच्या सालीसारखा खडबडीत रिफ्लेक्टर हवा. माझ्या मते शिक्षकांना, गडावर मुले नेणाऱ्यांना तर नक्कीच, असा पसरट झोतच घ्यावा. घोणशीचा तपकिरी रंग आणि त्यावरचे गडद ठिपके पाचोळ्यात मिसळून जातात. निळसर पांढऱ्या, ६५०० केल्विनच्या स्वस्त एलईडीत तांबड्याचा अंश कमी असतो, त्यामुळे तपकिरी छटा एकसारख्या फिक्या दिसतात. ४००० ते ५००० केल्विनची, सीआरआय ९० च्या वरची एलईडी घेतली तर छटा वेगळ्या कळतात. निचियाच्या २१९ मालिकेतल्या काही एलईडी याचसाठी नावाजल्या गेल्या. त्यात ल्यूमेन थोडे कमी मिळतात, कारण गडद तांबड्याला आपला डोळा कमी संवेदनशील असतो. हा तोटा मी आनंदाने सोसेन.

उरली उष्णता. काही खिशातल्या विजेऱ्यांवर १००० ल्यूमेन छापलेले असतात. त्यासाठी एलईडीला सुमारे १० वॅट लागले आणि त्यातले ६ वॅट उष्णतेत गेले असे धरू. ॲल्युमिनियमची नळी ५० ग्रॅमची. ॲल्युमिनियमची विशिष्ट उष्मा ग्रॅममागे, अंशामागे ०.९ जूल, म्हणजे नळी एक अंशाने तापायला ४५ जूल लागतात. मिनिटाला ३६० जूल मिळाले की तापमान ८ अंशांनी वाढणार! हवेत थोडी उष्णता जाते हे खरे, तरी तीन-चार मिनिटांत हाताला चटका बसू लागतो. म्हणून चांगल्या विजेरीतले सर्किट थोड्या वेळाने प्रकाश आपोआप कमी करते. ते बिघाडाचे लक्षण नव्हे. भोसरीतल्या लेथवर काम करणाऱ्याला नळीवरच्या खाचा कशासाठी हे सांगावे लागणार नाही. पृष्ठभाग वाढला की उष्णता लवकर निघून जाते. मात्र एलईडी तांब्याच्या पट्टीवर घट्ट बसलेली नसेल, तर खाचांपर्यंत उष्णता पोचतच नाही.

नववी-दहावीच्या मुलांना हे मोजून पाहता येईल. नळीला तापमापी चिकटपट्टीने बांधा, दर अर्ध्या मिनिटाला तापमान नोंदवा आणि आलेख काढा. साठ अंशांपाशी विजेरी बंद करा. रेषा जिथे वाकू लागते तिथे सर्किटने प्रकाश कमी केला, की हवेने उष्णता नेली, हे मुलांना विचारा.