खारपाणपट्ट्यातून मंगळाकडे

आमचे गाव अकोला जिल्ह्यातील खारपाणपट्ट्यात आहे. पूर्णेच्या खोऱ्यातील हा पट्टा अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांत पसरलेला आहे. येथे विहिरीला पाणी लागते, पण ते खारे. घमेल्यातले पाणी उन्हात आटले की तळाशी पांढरा थर उरतो. म्हणूनच 'फिनिक्स' यानाची हकीगत वाचताना मला ती परकी वाटली नाही.

अमेरिकेचे हे यान 25 मे 2008 रोजी मंगळाच्या उत्तर ध्रुवाकडील मैदानावर उतरले. त्याच्या यांत्रिक हाताने खणलेल्या चरात पांढरे खडे दिसले. हे मीठ की बर्फ? चार दिवसांनी पाहावे तो खडे नाहीसे! मीठ असे उडून जात नाही, हे आमच्याकडे घरोघर ठाऊक आहे. कार्बन डायऑक्साइडचा बर्फ असता तर तो इतकाही टिकला नसता. म्हणजे तो पाण्याचाच बर्फ. तेथील हवा फार विरळ असल्यामुळे तो न वितळता सरळ वाफ होऊन गेला. पुढे मातीचा नमुना यानातील भट्टीत तापवला, तेव्हा निघालेली वाफही पाण्याचीच ठरली.

हे मी वडिलांना सांगितले. ते शाळेची पायरी फारशी चढलेले नाहीत. त्यांनी विचारले, "पानी हाय तं, माय, पन गोडं हाय का खारं?" प्रश्न नेमका होता. त्या मातीत पर्क्लोरेट नावाचा क्षार सापडला होता. तो पोटात जाणे अपायकारक. मात्र अशा क्षारांमुळे पाणी शून्याखालीही गोठत नाही.

तीन महिन्यांसाठी पाठवलेले हे यान पाच महिने राबले. ते सूर्यप्रकाशावर चालणारे. हिवाळा जवळ येताच वीज अपुरी पडू लागली आणि 2 नोव्हेंबर 2008 नंतर संदेश थांबले. ध्रुवाकडे हिवाळ्यात सूर्य महिनोन्महिने उगवत नाही आणि हवेतील कार्बन डायऑक्साइडच गोठून जमिनीवर साचतो. 2010 साली पुन्हा हाका मारल्या गेल्या. उत्तर आले नाही. त्या तुषाराच्या भाराने सौरपट मोडले असावेत, असे वरून घेतलेल्या छायाचित्रावरून वाटते.

आपल्या चांद्रयान-3 मधील 'विक्रम'चेही तसेच झाले. त्यात खामगावचे उष्णतारोधक कापड वापरल्याच्या बातमीने वऱ्हाडात मोठा आनंद झाला होता. 23 ऑगस्ट 2023 रोजी 'विक्रम' चंद्रावर उतरला. पृष्ठभागाचे तापमान 50 अंशांच्या वर असताना अवघ्या 8 सेंटिमीटर खाली ते उणे 10 असल्याचे त्याने मोजले. माती उष्णता खाली जाऊ देत नाही. म्हणून योग्य ठिकाणी खाली बर्फ टिकू शकतो. चंद्रावरची रात्र आपल्या चौदा दिवसांची. त्या रात्रीनंतर 22 सप्टेंबरला त्याला जागे करण्याचा प्रयत्न झाला, पण तो जागा झाला नाही.

वडिलांनी शेवटी विचारले, "मरनार हे मालूम असून कायले धाडलं?" मी म्हटले, "बाबा, आपल्या विहिरीचे पाणी पिकाला चालत नाही. तरी पावसाच्या ओलीवर तुम्ही हरभरा पेरताच ना? ओल सरण्याआधी पीक हाती यावे, एवढाच हिशेब."

ते हसले. विज्ञानाचा एकही वर्ग न केलेल्या माणसाला मंगळाचा हिवाळा समजला होता.