फिर्यादीच जेव्हा आरोपी ठरते

पाकिस्तानचे लष्करशहा जनरल झिया-उल-हक यांनी फेब्रुवारी १९७९ मध्ये हुदूद अध्यादेश लागू केले. त्यांतील ‘झिना’ अध्यादेशाने विवाहबाह्य शरीरसंबंध हा फौजदारी गुन्हा ठरवला आणि ब्रिटिश काळापासून दंडसंहितेत असलेला बलात्काराचा गुन्हा तिथून काढून याच अध्यादेशात आणला. एक संमतीचा संबंध, दुसरा उघड अत्याचार. पण दोन्ही एकाच कायद्याखाली आले. पुढचा सगळा अनर्थ यातून झाला.

‘हद्द’ म्हणजे धर्माने नेमून दिलेली कठोर शिक्षा. तिच्यासाठी आरोपीची कबुली किंवा कृत्य डोळ्यांनी पाहिलेले चार सज्ञान मुस्लिम पुरुष साक्षीदार लागत. असे साक्षीदार मिळणे जवळपास अशक्यच. चार साक्षीदारांशिवाय बलात्कार सिद्धच होत नसे, असे मात्र नाही. ‘ताझीर’ या तुलनेने सौम्य शिक्षेसाठी इतर पुरावाही चाले. खरा धोका वेगळाच होता. जबरदस्ती सिद्ध झाली नाही, तर बाईची तक्रार हीच संबंधांची कबुली मानली जाई आणि ती गरोदर असेल तर गर्भ हा तिच्याविरुद्धचा पुरावा ठरे. साहिवालमध्ये घरकाम करणाऱ्या एका अंध मुलीच्या बाबतीत १९८३ मध्ये हेच झाले. मालकाच्या घरातील पुरुष पुराव्याअभावी सुटला आणि तिला मात्र तीन वर्षे कैद व १५ फटके सुनावले गेले. देशभर संताप उसळल्यावर संघीय शरियत न्यायालयाने ती शिक्षा रद्द केली. पण ज्यांची नावे वर्तमानपत्रांपर्यंत पोहोचलीच नाहीत, अशा अनेक जणी याच कायद्याखाली तुरुंगात खितपत पडल्या.

विरोध बायकांनीच उभा केला, तोही लष्करी राजवटीत. १९८१ मध्ये कराचीत ‘विमेन्स अ‍ॅक्शन फोरम’ स्थापन झाले. १२ फेब्रुवारी १९८३ रोजी प्रस्तावित साक्षी कायद्याविरुद्ध लाहोरमध्ये मोर्चा निघाला आणि पोलिसांनी त्यावर लाठ्या चालवल्या व अश्रुधूर सोडला. वकील अस्मा जहांगीर आणि हिना जिलानी या बहिणी त्या लढ्यात पुढे होत्या. आज मोर्चाचा हा दिवस पाकिस्तानात राष्ट्रीय महिला दिन म्हणून पाळला जातो.

झिया १९८८ मध्ये गेले, तरी त्यांच्यानंतर या कायद्याला हात लावायला १८ वर्षे लागली. धर्माच्या नावावर आलेला कायदा बदलणे म्हणजे धर्मावरच घाला, अशी ओरड होई. अखेर २००६ च्या महिला संरक्षण कायद्याने बलात्कार पुन्हा दंडसंहितेत नेला आणि बलात्काराच्या तक्रारीचे झिनाच्या खटल्यात रूपांतर करण्यास मनाई केली. सर्वांत मोलाची सुधारणा हीच.

पुराव्याच्या कायद्यातला डाग मात्र झियांच्या आधीचा. तक्रारदार बाई ‘चारित्र्यहीन’ आहे असे दाखवून तिची साक्ष खोडण्याची मुभा १८७२ च्या ब्रिटिश कायद्यात होती. ती भारताने २००२ च्या दुरुस्तीने काढली, पाकिस्तानने २०१६ मध्ये. त्याच वर्षी तिथे डीएनए तपासणीचीही तरतूद झाली. जानेवारी २०२१ मध्ये न्या. आयेशा मलिक यांनी लाहोर उच्च न्यायालयात कौमार्य चाचणी बेकायदा ठरवली.

२०२१ च्याच बलात्कारविरोधी कायद्याने विशेष न्यायालये, बंद दाराआड सुनावणी, सरकारी रुग्णालयांत मदत कक्ष आणि शक्यतो चार महिन्यांत निकाल अशी चौकट आखली. तरीही, बलात्काराचा गुन्हा कायद्याने आपसांत मिटवता येत नसताना, घराण्याची अब्रू आणि बिरादरीचा दबाव यांपायी साक्षीदार फिरतात, फिर्याद मागे घेतली जाते आणि खटला कोर्टाबाहेरच संपतो.