नवी आवृत्ती : आज बसवावी की थांबावे?

शाळेतील संगणक लिनक्सवर चालत असेल, तर त्याच्या पडद्यावर ‘अद्ययावत आज्ञावल्या उपलब्ध आहेत’ अशी सूचना तुम्ही पाहिली असेल. त्या लगेच बसवाव्यात की थांबावे? उत्तरासाठी दोन घटना पाहू.

एप्रिल २०१४ मध्ये ‘ओपनएसएसएल’ या आज्ञावलीतील ‘हार्टब्लीड’ हा दोष जाहीर झाला. इंटरनेटवरून जाणारी माहिती सांकेतिक रूपात बदलणे, हे या आज्ञावलीचे काम. पण दोषामुळे परक्या माणसाला संगणकाच्या स्मृतीतील ६४ किलोबाइटपर्यंतचा तुकडा एका वेळी वाचता येई. त्यात पासवर्डही सापडू शकत. दोष २०१२ पासूनचाच होता. पण जाहीर होताच कुलूप कसे उघडते ते साऱ्या चोरांना कळले! दुरुस्ती त्याच दिवशी मिळाली. अशा वेळी थांबणे धोक्याचे.

दुसरी घटना नेमकी उलट आहे. ‘एक्सझेड’ ही माहिती आवळून लहान करणारी आज्ञावली. २०२४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये आलेल्या तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मुद्दाम एक चोरवाट ठेवलेली होती. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला संगणकात दुरून प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे आढळले. त्याने कारण शोधले आणि २९ मार्चला चोरवाट उघडकीस आली. प्रयोगातील लहानसा फरकही का नोंदवायचा, ते यावरून कळेल.

‘डेबियन’ या लिनक्स प्रणालीत नवी आवृत्ती आधी ‘अस्थिर’, मग ‘चाचणी’ शाखेत जाते; ‘स्थिर’ शाखेत ती बऱ्याच काळाने येते. चोरवाट पहिल्या दोन शाखांत पोचली होती. स्थिर शाखा वाचली.

मग स्थिर शाखेला हार्टब्लीडसारख्या दोषाची दुरुस्ती कशी मिळते? तेथे आवृत्ती जुनीच ठेवून तिच्यात फक्त दुरुस्तीचा भाग घालतात. म्हणून विचारायचा प्रश्न असा : आलेला बदल सुरक्षेची दुरुस्ती आहे, की नव्या सोयी? दुरुस्ती असेल तर शक्य तितक्या लवकर बसवावी. नव्या सोयींसाठी थांबण्यात तोटा नाही. प्रात्यक्षिक परीक्षेच्या आठवड्यात मी प्रयोगशाळेत नव्या आवृत्त्या बसवत नाही.

दोन गोष्टी मात्र विसरू नका. मोठ्या बदलाआधी आपल्या कामाची प्रत दुसरीकडे ठेवा. आणि प्रणालीचा गाभा, म्हणजे कर्नल, बदलला असेल तर संगणक पुन्हा सुरू करा. तोपर्यंत स्मृतीत जुनाच कर्नल चालू असतो. दुरुस्ती नुसती डिस्कवर पडून राहते!