फाटकाची कडी

सकाळचे साडेआठ. डेन्व्हरच्या उत्तरेला असलेलं हे शेल्टर लोकांसाठी उघडायला अजून अडीच तास आहेत. अंगणातला कालचा बर्फ कुंपणाशी सारून ठेवलाय, मधली बारीक खडी ओली आहे. माझा आज पहिलाच दिवस आणि काम एकच: दुहेरी फाटकाची कडी सांभाळायची. आतलं फाटक लागल्याशिवाय बाहेरचं उघडायचं नाही.

बाहेरच्या फाटकामागे पिंजऱ्यांची दुतर्फा ओळ. सिमेंटची जमीन, पत्र्याचं छप्पर. एक भुंकला की चाळीस भुंकतात आणि आवाज पत्र्यावर आपटून परत येतो. अशा जागी तो शंभर डेसिबलच्या वर जातो. कुत्र्याचे कान तर आपल्याहून किती तिखट! आणि त्याला उठून जाता येत नाही.

बारा नंबरात डीझल आहे. काळा, रुंद छातीचा. दारावरच्या कार्डावर लिहिलंय: मुक्काम पाच आठवडे, इतर कुत्र्यांवर धावून जातो. मी समोरून आलो तेव्हा त्याने जाळीवर उडी घेतली, दात दाखवले, मग जागच्या जागी गरगर फिरत राहिला. पाहुणेही इथून पावलं उचलून पुढे जात असणार.

आज त्याला अंगणात आणायचंय.

अंगण सांभाळणाऱ्या बाईंनी साठी ओलांडलीय. पायात गमबूट, कमरेला पाणी फवारायची बाटली, खिशात नाणी भरलेला डबा. अंगणात चेंडू नाही, दोरी नाही, खाऊ नाही. वस्तू आली की मालकी येते आणि मालकीमागून भांडण. आत आधी पेनीला सोडलंय. तोंडावर पांढरे केस आलेली पोक्त कुत्री. इथली मास्तरीणच म्हणा.

डीझल येतो. तोंडाला जाळीची मुसकी, गळ्यातला पट्टा मोकळाच जमिनीवर घासतोय, म्हणजे वेळ आली तर टोक हाती लागेल. मी कडी काढतो. तो सुसाट सुटतो. मानेपासून शेपटापर्यंत केस उभे. माझी मूठ कडीवर आवळते.

“श्वास घे,” बाई म्हणतात. मला की त्याला, कळत नाही. “केस राग आला तरी उभे राहतात, बावरला तरी. अंग ताठ आहे का बघ.”

पेनी पळत नाही, गुरगुरत नाही. नुसती मान वळवते, अंग तिरकं करते. डीझल दोन हात अंतरावर थबकतो. मधे जाळी नाही. आता पुढे काय करायचं? तो अर्धगोल घेऊन मागून येतो, हुंगतो. तीही हुंगते. मग त्याने छातीने धक्का दिल्यावर ती एकदाच, तोकडं, ‘वफ्’ करते. डीझल मागे सरतो. आणि पुढचे पाय जमिनीला टेकवून, ढुंगण वर करून, शेपूट झुलवतो. चल, खेळू.

दोघं धावतात. खडी उडते. थोड्या वेळाने बाई मुसकी काढतात, मग आणखी तिघं आत येतात. बाई एका जागी उभ्या राहत नाहीत, सतत चालतात. डीझल एका पिवळ्या पोराच्या मानेला जरा जास्तच चिकटतो. पाण्याची एक पिचकारी नाकावर. तो सुटतो, अंग झाडतो आणि पुढच्या फेरीत स्वतःच उताणा पडतो. पिवळं पोर त्याच्या छातीवर चढतं.

कुत्र्यांना असं एकत्र खेळायला सोडायची ही रीत इथून जवळच्या लाँगमाँटच्या शेल्टरमध्ये काम केलेल्या एमी सॅडलर या प्रशिक्षक बाईंनी रुजवली आणि ‘डॉग्ज प्लेइंग फॉर लाइफ’ या नावाने गावोगाव नेली. हिशेब सरळ आहे. एकेकाला पट्टा लावून फिरवायचं तर चाळीस कुत्र्यांना सकाळ पुरत नाही.

पाहता पाहता मला पुण्यातल्या आमच्या गल्लीचं तोंड दिसायला लागतं. नवा कुत्रा आला की चौघं त्याला घेरतात, हुंगतात, एखादा दटावतो, आणि दुपारी सगळे एकाच रिक्षाखाली झोपलेले असतात. तिथे कडी कुणी सांभाळत नाही. पण ७ नोव्हेंबर २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने शाळा, इस्पितळं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री उचलून शेल्टरमध्ये न्यायला सांगितली. परत त्याच जागी सोडायची नाहीत. म्हणजे तिकडेही आता पिंजऱ्यांच्या ओळी लागणार. त्यांच्यालगत असं एखादं अंगण असेल का?

साडेदहा. एकेक परत जातो. डीझलला मीच नेतो. वाटेत नऊ नंबरातली कुत्री भुंकते, तसा तो जाळीकडे झेपावतोच. एकदा. मग माझ्या पायाशी येतो. पिंजऱ्यात शिरून लपालप पाणी पितो, दोन गिरक्या घेतो आणि कुशीवर पडतो. बाई कार्डावरची दुसरी ओळ खोडत नाहीत. तिच्याखाली लिहितात: अंगणात चौघांबरोबर खेळला.

मी बाहेरच्या फाटकाची कडी घालतो. वर पत्र्याखाली कसली तरी घरघर ऐकू येते. हीटर आहे. सकाळपासून चालूच असणार.