मुष्टिप्रहाराचे बल आणि बलार्धाची मर्यादा

प्रास्ताविक

चंद्रपूर व गडचिरोली या वनप्रधान जिल्ह्यांत चिकित्सा करणाऱ्या आपल्या सभासदांकडे तरुण मुले पूर्वी येत ती बहुधा ज्वर, कामला किंवा त्वग्विकार घेऊन. अलीकडे त्यांत एका नव्या मागणीची भर पडली आहे. "डॉक्टरसाहेब, ठोशात जोर येत नाही, काही शक्तीचे औषध द्या," असे म्हणणारा सतरा-अठरा वर्षांचा मुलगा आता तालुक्याच्या गावीही भेटतो. पोलीस भरतीसाठी पहाटे मैदानावर जाणाऱ्या मुलांपैकी काही मुष्टियुद्धाकडे वळतात, तर काही एमएमए या नावाने ओळखल्या जाणाऱ्या मिश्र युद्धकलेकडे. २०१७ साली मुंबईचा भरत खंडारे या कलेच्या यूएफसी या जागतिक स्पर्धेत उतरला. २०२१ साली नागपूरच्या अल्फिया पठाण हिने युवा जागतिक मुष्टियुद्ध स्पर्धेत सुवर्णपदक मिळविले. अशा वार्ता भ्रमणध्वनीवरून खेड्यापाड्यांत पोहोचतात आणि मुलांच्या मनात आकांक्षा निर्माण करतात. ही आकांक्षा स्वागतार्हच आहे. परंतु तिला योग्य दिशा देण्यासाठी मुष्टिप्रहाराचे बल म्हणजे नेमके काय, ते कसे वाढते आणि कोठे थांबावे, याचे ज्ञान वैद्याला असले पाहिजे. त्याचाच ऊहापोह येथे करीत आहोत.

प्रहाराचे बल कोठून येते?

ठोसा हाताने मारला जातो, म्हणून दंड आणि खांदे पुष्ट केले की काम झाले, असा सार्वत्रिक समज आहे. तो चुकीचा आहे. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या सोव्हिएत संशोधकांच्या अभ्यासात निष्णात मुष्टियोद्ध्यांच्या ठोशात पायांचा वाटा सुमारे ३९ टक्के, धडाचा ३७ टक्के आणि हाताचा अवघा २४ टक्के आढळला. नवशिक्यांमध्ये पायांचा वाटा जेमतेम १६ ते १७ टक्के होता. याचा अर्थ असा की, बल भूमीपासून उत्पन्न होते. मागचा पाय जमिनीला रेटा देतो, तो रेटा कटीच्या वळणातून धडात येतो, तेथून खांद्यात आणि शेवटी मुठीत उतरतो. या साखळीतील एखादी कडी ढिली असेल तर बल वाटेतच विरते. गोळाफेकीतही हीच साखळी असते. म्हणून पोलीस भरतीसाठी गोळाफेक चांगली शिकलेल्या मुलाला ठोसा शिकविणे सोपे जाते.

दुसरी गोष्ट काळाची. ठोसा निघाल्यापासून लागेपर्यंत सेकंदाचा पंचमांश किंवा त्याच्या आसपास काळ जातो. स्नायूला आपले संपूर्ण बल प्रकट करण्यास सेकंदाचा तिसरा हिस्सा वा त्याहूनही अधिक काळ लागतो. त्यामुळे एखादा तरुण कितीही मोठे वजन उचलत असला, तरी ते सारे बल ठोशात उतरत नाही. जेवढे बल अत्यल्प काळात प्रकट होते तेवढेच उपयोगी पडते. 'स्फोटक शक्ती' या शब्दाचा अर्थ हाच होय.

तिसरी गोष्ट शैथिल्याची. २०१० साली कॅनडातील स्टुअर्ट मॅकगिल व त्यांच्या सहकाऱ्यांनी निष्णात मिश्र युद्धकला योद्ध्यांच्या स्नायूंची विद्युत्क्रिया मोजली. प्रहाराच्या आरंभी स्नायू आकुंचित होतात, मधल्या क्षणी शिथिल होतात आणि आघाताच्या क्षणी पुन्हा ताठरतात, असे त्यांना आढळले. मधल्या शैथिल्यामुळे वेग मिळतो आणि अंतिम ताठरतेमुळे देहाचा भार मुठीमागे उभा राहतो. सतत दात-ओठ खाऊन, अंग आवळून मारणाऱ्याचा ठोसा मंद होतो तो यामुळेच. आकुंचन, प्रसारण आणि सर्वदेहगत गती ही व्यानवायूची कर्मे आपण शिकलो आहोत. श्रान्त देहात ती विस्कळीत होतात, हा आपला नित्याचा अनुभव आहे.

बलार्धाचा अर्थ

चरकाचार्यांनी सहज, कालज आणि युक्तिकृत असे बलाचे तीन प्रकार सांगितले आहेत. सहज बल जन्माने येते, कालज बल वय आणि ऋतू यांवर अवलंबून असते आणि युक्तिकृत बल आहार व व्यायाम यांनी संपादन करता येते. व्यायामाचे प्रमाण सांगताना सुश्रुत व वाग्भट अर्ध्या शक्तीची मर्यादा घालतात. श्वास मुखावाटे येऊ लागणे, ललाट, नासिका, काख व सांधे येथे स्वेद येणे, ही तिची लक्षणे होत.

येथे एक शंका उपस्थित होते. अर्ध्या शक्तीने ठोसे मारून पूर्ण शक्तीचा ठोसा कसा तयार होईल? ही शंका रास्त आहे आणि तिच्या उत्तरातच या विषयाचे मर्म आहे. आमच्या मते बलार्ध ही प्रत्येक कृतीच्या तीव्रतेची मर्यादा नसून एकंदर व्यायामाच्या मात्रेची मर्यादा आहे. स्फोटक शक्तीसाठी प्रत्येक ठोसा, प्रत्येक उडी, प्रत्येक फेक पूर्ण जोराने व पूर्ण वेगानेच झाली पाहिजे. परंतु त्यांची संख्या इतकी अल्प असावी की देह श्रान्त होण्यापूर्वीच व्यायाम संपावा. श्रमलेल्या स्नायूने मारलेला शंभरावा ठोसा बल वाढवीत नाही; तो मंद ठोशाचा अभ्यास ठरतो. आधुनिक व्यायामशास्त्रही याच निष्कर्षाला आले आहे. क्षणिक तीव्र कर्मासाठी लागणारा स्नायूंतील फॉस्फोक्रिएटिनचा साठा दहा-एक सेकंदांत बहुतांशी संपतो आणि तो भरून येण्यास तीन मिनिटांच्या आसपास विश्रांती लागते. दम वाढविण्याचा व्यायाम निराळा असतो. तो वेगळ्या दिवशी वा वेगळ्या वेळी करावा.

व्यायामयोजना

निरोगी, १६ वर्षांवरील आणि किमान सहा महिने शिस्तीने व्यायाम केलेल्या तरुणास आम्ही पुढीलप्रमाणे सल्ला देतो. त्याहून लहान मुलांनी तंत्र, धावणे व दंड-बैठका यांवरच भर द्यावा.

पहिले सहा ते आठ आठवडे पायाभरणीचे असावेत. त्यांत बैठका, दंड, दोरीवरील उड्या आणि मुद्गल यांचा समावेश करावा. मुद्गल फिरविताना कटी, धड व खांदा एका साखळीत काम करतात. त्यामुळे आपल्या आखाड्यांतील हे साधन या कामी फार उपयुक्त आहे.

त्यानंतर आठवड्यातून दोन दिवस, मध्ये किमान दोन दिवसांचे अंतर ठेवून, स्फोटक व्यायाम करावा. अंग चांगले तापल्यावर प्रथम जागेवरून उंच उड्या, पाच-पाचच्या तीन आवृत्त्या. नंतर तीन-चार किलोचा वाळू भरलेला चेंडू छातीपासून व कटी वळवून भिंतीवर फेकणे, प्रत्येक बाजूस पाच-पाचच्या तीन आवृत्त्या. शेवटी बॅगवर एकेकटे पूर्ण जोराचे ठोसे, चार-चारच्या पाच आवृत्त्या. प्रत्येक आवृत्तीनंतर दोन ते तीन मिनिटे विश्रांती अनिवार्य आहे. मुलांना ही विश्रांती आळसासारखी वाटते. तिचे प्रयोजन त्यांना समजावून सांगावे. उडीची उंची किंवा ठोशाचा आवाज उतरू लागला की त्या दिवसाचा व्यायाम संपला असे समजावे. मुठीस पट्टी बांधल्याविना बॅगवर जोर लावू नये. करंगळीच्या मुळाशी असलेले अस्थी मोडण्याचा प्रकार यातूनच घडतो. सरावात डोक्याला मार लागून शुद्ध हरपली किंवा भ्रम, छर्दी झाली, तर शिरोमर्माचा आघात समजून तत्काळ रुग्णालयात पाठवावे.

ऋतुविचारही येथे महत्त्वाचा आहे. हेमंत व शिशिर हा बलाचा काळ. या दोन ऋतूंत बल कमवावे आणि ग्रीष्मात मात्रा निम्म्याहून खाली आणावी. चंद्रपूरचा पारा ४५ अंशांपलीकडे जातो, हे आपणास सांगणे नको. वैशाखात दुपारी मैदानावर उतरणाऱ्यास रोखणे हे वैद्याचे कर्तव्यच होय.

आहार व औषध

कठोर व्यायाम करणाऱ्यास दररोज देहभाराच्या प्रत्येक किलोमागे सुमारे दीड ग्रॅम प्रथिन लागते. ६० किलोच्या मुलास ते ९० ग्रॅम होते. केवळ भात व पातळ वरण यांतून ते भागत नाही. डाळ, चणे, अंडी, मासळी, दूध व शेंगदाणे यांची जोड हवी. आपल्याकडे स्वस्त मिळणारी लाखोळीची डाळ मात्र महिनोन्महिने मुख्य अन्न म्हणून देऊ नये. तिच्या अतिसेवनाने पायांत कायमचे पंगुत्व येऊ शकते, आणि ठोशाचे मूळ पायांत आहे हे आपण वर पाहिलेच.

औषधांत अश्वगंधेविषयी काही आधार आहे. २०१५ साली प्रकाशित झालेल्या ५७ पुरुषांवरील अभ्यासात व्यायामासह ३०० मिलिग्रॅम अर्क दिवसातून दोनदा आठ आठवडे देण्यात आला. व्यायाम तसाच पण निष्क्रिय गोळी घेणाऱ्या गटापेक्षा अर्क घेणाऱ्यांचे बल अधिक वाढले. अभ्यास लहान आहे, म्हणून त्यावरून मोठे दावे करू नयेत. यकृतविकार असलेल्यास हे औषध देऊ नये.

स्पर्धकास औषध देताना आणखी एक दक्षता आवश्यक आहे. कुचल्यातील स्ट्रिक्निन हे द्रव्य स्पर्धाकाळासाठी जागतिक निषिद्ध सूचीत आहे. आपण वातविकारात सहजपणे देतो ती विषतिंदुक वटी वा अग्निमांद्यातील अग्नितुंडी वटी त्या मुलाच्या मूत्रपरीक्षणात दोषी ठरू शकते. विजया, अहिफेन व सोमकल्प यांच्या योगांचेही तसेच. निनावी 'शक्तिवर्धक' चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची शक्यता असते. ती तर दूरच ठेवावीत.

वजनगटात बसण्यासाठी दोन दिवसांत चार किलो उतरवून द्या, स्वेदन करा, विरेचन द्या, अशी मागणीही होते. ती निक्षून नाकारावी. श्रान्त, तृषित व क्षुधित व्यक्तीस स्वेदन निषिद्ध आहे, हे चरकाने स्पष्ट केले आहे. १९९७ च्या अखेरीस अमेरिकेत तीन महाविद्यालयीन कुस्तीगीर अशाच रीतीने देहातील जलांश घटविताना मृत्युमुखी पडले. पंचकर्म हे शोधन आहे, तराजूचा काटा फसविण्याचे साधन नव्हे.

आपल्या जिल्ह्यांतील विशेष धोका

आता आमच्या हातून झालेली एक चूक सांगणे प्राप्त आहे. गडचिरोली जिल्ह्यातील एक सतरा वर्षांचा मुलगा मुष्टियुद्धाच्या सरावानंतर पोटऱ्या व नडगी दुखते म्हणून आमच्याकडे आला. पावसाळ्याचे दिवस होते. अतिव्यायामजन्य वातप्रकोप असे निदान करून आम्ही अभ्यंग व गुग्गुळकल्प दिले आणि तीन आठवडे तेच चालू ठेवले. डोळ्यांची किंचित पिवळी छटा आमच्या नजरेस पडली होती, पण तिचा आम्ही पाठपुरावा केला नाही. एका रात्री छातीत व अंगात असह्य वेदना होऊन त्यास रुग्णालयात न्यावे लागले. तेथे सिकलसेलचा एसएस प्रकार असल्याचे निष्पन्न झाले. मुलगा वाचला, पण ते तीन आठवडे आमच्या मनातून गेलेले नाहीत.

सिकलसेल आपल्या दोन्ही जिल्ह्यांतील अनेक समाजांत आढळतो. एसएस रुग्णाने रक्तविकारतज्ज्ञाच्या मार्गदर्शनाविना असा व्यायाम करू नये आणि त्याचे हायड्रॉक्सियुरिया आपल्या औषधांसाठी कधीही बंद करू नये. एएस म्हणजे वाहक व्यक्ती सामान्यतः निरोगी जीवन जगते. परंतु उष्मा, निर्जलता आणि विश्रांतीविना केलेला पराकाष्ठेचा श्रम एकत्र आले, तर तिच्याही रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन स्नायूंचा नाश व मृत्यू ओढवू शकतो. अमेरिकेत २००६ साली एका महाविद्यालयीन खेळाडूचा असा मृत्यू झाल्यावर २०१० पासून तेथील वरिष्ठ महाविद्यालयीन खेळाडूंसाठी ही तपासणी सुरू झाली. आपल्या देशात १ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान आरंभ झाले असून त्यात तपासणीची सोय आहे. सोल्युबिलिटी चाचणी केवळ दोष आहे की नाही एवढेच सांगते. वाहक की रुग्ण हे ठरविण्यास इलेक्ट्रोफोरेसिस अथवा एचपीएलसी करावी लागते.

सरावात एखाद्या मुलाचे पाय अकस्मात गळाले, तो खाली बसला, बोलतो आहे, पण स्नायू गोळा येऊन कडक झालेले नाहीत, तर ते साधे पेटके समजू नयेत. सराव तत्काळ थांबवावा, सावलीत अंग थंड करावे, उपलब्ध असल्यास प्राणवायू द्यावा आणि विनाविलंब रुग्णालय गाठावे. "उठ, अजून एक फेरी" हे शब्द अशा वेळी प्राणघातक ठरतात.

त्या मुलाचा धाकटा भाऊ तपासणीत वाहक निघाला. तो आजही सराव करतो. थोडी संख्या, पूर्ण विश्रांती, मुबलक पाणी, उन्हाळ्यात सुट्टी आणि वजन उतरविण्यास पूर्ण मनाई, एवढे नियम त्यास घालून दिले आहेत. त्याचा ठोसा मंदावलेला नाही. योग्य स्फोटक व्यायामाचे नियम आणि वाहकाच्या रक्षणाचे नियम बहुतांशी एकच आहेत, हे त्याच्याकडे पाहून आम्हास उमगले.

उपसंहार

अतिव्यायाम करणाऱ्याच्या नाशास वाग्भटांनी हत्तीला ओढू पाहणाऱ्या सिंहाची उपमा दिली आहे. त्या सिंहाचे बल कमी नव्हते. त्याला आपली मर्यादा ठाऊक नव्हती. बल मागण्यास आलेल्या तरुणास विन्मुख पाठवू नये. त्यास चूर्णाची पुडी देण्यापूर्वी रक्ततपासणीची चिठ्ठी द्यावी, नंतर व्यायामाची मात्रा लिहून द्यावी आणि औषधाचा विचार सर्वांत शेवटी करावा, अशी आमची सर्व वैद्यबंधु-भगिनींना विनंती आहे.