आडनावात रक्त किती?

चार्ल्स डार्विनने लग्न केले ते मामाच्या मुलीशी. एमा वेजवुडचे वडील आणि चार्ल्सची आई हे सख्खे भाऊबहीण. या जोडप्याचा मुलगा जॉर्ज पुढे गणिती आणि खगोलशास्त्रज्ञ झाला, आणि १८७५ साली त्याने इंग्लंडात सख्ख्या चुलत, मामे, आते, मावस भावंडांची आपसात लग्ने किती होतात हे मोजायला घेतले. शिरगणतीत हा प्रश्न घालायला सरकार राजी झाले नव्हते. मग जॉर्जने वर्तमानपत्रांत छापून येणाऱ्या विवाहवार्ता धुंडाळल्या आणि लग्नाआधीच नवरानवरीचे आडनाव एक असलेली जोडपी वेगळी काढली. स्मिथसारखी आडनावे योगायोगानेही जुळणार, तेवढी त्याने वजा केली. उरली ती बहुतांशी दोन भावांची मुले, असे धरून त्यावरून बाकीच्या नात्यांचा अंदाज बांधला. आडनावे वेगळी असल्यामुळे त्याचे स्वतःचे आईवडील या चाळणीतून निसटलेच असते. अशी सुटलेली जोडपी हिशेबात धरायची तर तो अंदाज हवाच होता. १९६५ साली क्रो आणि मेंज या अमेरिकी शास्त्रज्ञांनी याच कल्पनेला सूत्राचे रूप दिले. तेव्हापासून लग्नाच्या नोंदवह्या घेऊन एखाद्या समाजात नात्यातली लग्ने किती, हे काढण्याची रीत पडली.

हे सूत्र महाराष्ट्राला लावून पाहावे. आपल्याकडे बहुसंख्य हिंदू जातींत चुलत भाऊ सख्ख्याइतकाच भाऊ. एक गोत्र, एक कूळ, एक देवक जुळले की सोयरीक मोडली. उलट मामाची मुलगी करणे अनेक जातींत नुसते चालतेच असे नाही, भाच्याचा तो हक्क मानला जाई. इरावती कर्व्यांनी १९५३ सालच्या आपल्या नातेसंबंधांवरील ग्रंथात ही रीत नोंदली आहे. म्हणजे जॉर्ज डार्विनने ज्या नात्यावरून बाकीची नाती मोजली, ते नाते इथे जवळजवळ शून्य, आणि ज्यात लग्ने होतात तिथे आडनावे हमखास वेगळी. सूत्र सांगेल की मराठी माणूस नात्यात लग्न करतच नाही. आकडेमोड बिनचूक आणि उत्तर साफ चूक. चूक आहे ती आडनाव म्हणजे रक्ताची खूण या गृहीतकात. मराठी आडनाव माणूस कोणाच्या पोटी आला यापेक्षा तो कुठून आला, कोणते काम करत होता आणि कोणत्या दप्तरात त्याची नोंद झाली, हे अधिक सांगते, असे माझे म्हणणे आहे.

‘कर’ लागलेली आडनावेच घ्या. तेंडोलीत सगळेच तेंडोलीचे; तिथे कोणा एकाला तेंडुलकर म्हणून ओळखायचे कसे? असे नाव वेशीबाहेर उपयोगी पडते, आणि बहुधा बाहेरचेच लोक ते देतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यात वेळास आणि आंबडवे अशी दोन गावे आहेत. वेळासचे भानू पेशव्यांच्या दरबारी फडणिशी करू लागले आणि बाळाजी जनार्दन भानू इतिहासात नाना फडणवीस म्हणूनच राहिला. आंबडव्याच्या सकपाळांच्या घरातले नाव गावावरून आंबडवेकर आणि पुढे आंबेडकर झाले. साताऱ्याकडच्या कटगुणचे गोऱ्हे पुण्यात पेशव्यांना फुले पुरवू लागले आणि फुले झाले. तिन्ही घरांत जुने आडनाव होतेच, ते मागे पडले. कोणी म्हणेल, पुष्कळ ‘कर’ घराणी आजही त्याच गावात नांदतात, त्यांचे स्थलांतर कुठे झाले? बरोबर आहे. अशा ठिकाणी बऱ्याचदा खोती किंवा वतन असे आणि आडनाव गावावरचा हक्क सांगे. म्हणून नुसत्या ‘कर’वरून स्थलांतर सिद्ध होत नाही. पण रक्तही सिद्ध होत नाही, कारण एकाच गावातून निघालेल्या दोन निरनिराळ्या जातींच्या माणसांना तेच आडनाव मिळू शकते.

याचा सर्वांत चांगला पुरावा कोकणातले बेने इस्रायल ज्यू देतात. हे आपले शनिवार तेली. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून हे नाव. त्यांची आडनावे किहिमकर, नवगावकर, पेणकर, रोहेकर. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासात त्यांच्यात ज्यू आणि भारतीय अशा दोन्ही वंशांचा वारसा आढळला. आडनावात त्यातला ज्यू धागा शोधून सापडणार नाही; तिथे फक्त रायगड जिल्ह्याचा नकाशा आहे. गोव्यात हेच उलट्या बाजूने घडले. फर्नांडिस, रॉड्रिग्ज, डिसोझा ही आडनावे बाप्तिस्म्याबरोबर आली, पोर्तुगीज रक्ताबरोबर नव्हे. आडनावांवरून वंश काढणारा गोव्याची निम्मी किनारपट्टी लिस्बनला नेऊन ठेवील.

यावर एक भक्कम आक्षेप आहे. आडनाव बापाकडून मुलाकडे जाते आणि ‘वाय’ गुणसूत्रही तसेच जाते. मग दोन्ही बरोबर चालायला हवीत. इंग्लंडात हे तपासून झाले आहे. २००० साली ब्रायन साइक्स यांनी साइक्स आडनावाच्या पुरुषांची तपासणी केली, तेव्हा जवळपास निम्म्यांचे ‘वाय’ गुणसूत्र एकाच मूळपुरुषाकडे बोट दाखवत होते. २००९ साली टुरी किंग आणि मार्क जॉब्लिंग यांनी चाळीस आडनावे तपासली. ॲटनबरोसारख्या दुर्मीळ आडनावांत बहुतेकांचा मूळपुरुष एक निघाला, तर स्मिथांमध्ये कोणत्याही परक्या दोघांत असावे तेवढेच साम्य दिसले. गावोगावच्या लोहारांनी ते आडनाव स्वतंत्रपणे घेतले होते. म्हणजे आक्षेप खरा आहे, पण जिथे आडनाव एकदाच, एकाच घरात जन्मले तिथपुरता.

आपल्या पवार, जाधव, मोरे, गायकवाड यांना हा निकष लावला तर ती स्मिथांच्याच रांगेत बसतात. ही आडनावे मराठ्यांत आहेत, पूर्वाश्रमीच्या महारांत आहेत, इतर कित्येक जातींत आहेत. परमारांचे पवार आणि यादवांचे जाधव ही वंशावळ एखाद्या घराण्यापुरती खरी असेलही; पण आडनाव हा तिचा पुरावा नव्हे. मराठीत असा अभ्यास करायचाच तर एखादे विरळ आडनाव निवडावे आणि त्याच्या शेजारी त्या घराण्याचा छापील कुलवृत्तांत ठेवावा. कोण कुठे दत्तक गेला हेही त्यात लिहिलेले असते. दत्तक बहुधा भाऊबंदातूनच घेत, त्यामुळे ‘वाय’ गुणसूत्राची साखळी सहसा तुटत नसे. जिथे मुलीचा मुलगा दत्तक घेतला, तिथे मात्र आडनाव टिकले आणि साखळी तुटली. कुलवृत्तांतातली नेमकी ती पाने आधी काढावीत.