शस्त्रकक्षाचे दार उघडते तेव्हा

कॅडेट मित्रांनो, धावत्या मोटारीची मागची एकच काच खाली केली, की कानावर ठोके पडल्यासारखा घुमारा सुरू होतो. दुसरी काच थोडी उघडली, की तो थांबतो. विमानाच्या पोटातला शस्त्रकक्ष उघडल्यावर याच जातीची गोष्ट घडते, पण कितीतरी पट जोराने.

‘सर, दार उघडले की वारा आत घुसतो, एवढेच ना?’ असे मला वर्गात विचारले जाते. एवढेच नाही. बाहेरची वेगवान हवा आणि कक्षातली जवळजवळ स्थिर हवा यांच्यामध्ये एक पातळ थर तयार होतो. तो अस्थिर असल्यामुळे त्याचे भोवरे बनतात. भोवरा मागच्या भिंतीवर आदळला, की दाबाची लाट उठते. ती आतून पुढच्या कडेपर्यंत येते आणि तिथे नवा भोवरा सुटतो. हे चक्र आपोआप चालू राहते.

1964 मध्ये फार्नबरो येथील रॉयल एअरक्राफ्ट एस्टॅब्लिशमेंटच्या जे. ई. रॉसिटर यांनी याचे सूत्र मांडले. भोवरे वाऱ्याच्या सुमारे 0.57 पट वेगाने सरकतात, असे त्यांनी धरले. आपण गणित करून पाहू. कक्ष 4 मीटर लांब, विमानाचा वेग सेकंदाला 270 मीटर, ध्वनीचा 310 मीटर. भोवऱ्याला मागे जायला 0.026 सेकंद लागतात, लाटेला परत यायला 0.013. एकूण 0.039 सेकंद. रॉसिटरच्या सूत्रात 0.75, 1.75, 2.75 या संख्यांना या वेळेने भागायचे. उत्तर येते सेकंदाला सुमारे 19, 45 आणि 71 ठोके.

हा आवाज 160 डेसिबलच्याही वर जाऊ शकतो. कक्षाच्या पत्र्याची किंवा क्षेपणास्त्राच्या पंखांची स्वतःची कंपनसंख्या या आकड्यांशी जुळली, तर धातूला थकवा येऊन तडे जातात आणि आतली इलेक्ट्रॉनिक उपकरणेही बिघडू शकतात.

उपाय म्हणजे हे चक्र कुठेतरी तोडायचे. पुढच्या कडेवर दातेरी पट्टी बसवली, की भोवऱ्यांची शिस्त मोडते. मागची भिंत उतरती केली, की आदळणे सौम्य होते.

आपल्या हवाई दलात 1957 ते 2007 सेवेत असलेल्या कॅनबेराला असाच बॉम्बकक्ष होता. आता आपल्या देशात आखल्या जाणाऱ्या ‘अ‍ॅम्का’ लढाऊ विमानातही शस्त्रे पोटातच राहणार आहेत. तुमच्यापैकी कोणी ते उडवेल, कोणी त्याची आखणी करेल. दोघांनाही हे गणित यायला हवे.